नानीची ओवी कुठल्या पट्टीतली?

गेल्या हिवाळ्यात खालाच्या घरातला माळा साफ करताना एक कॅसेट सापडली. वरचा कागद गळून गेलेला, फीत दोन जागी चिकटलेली. मामूने आखातातून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर कधीतरी नानीचा आवाज भरून ठेवला होता, एवढं खालाला आठवत होतं. आम्ही ती दुरुस्त करून लावली. आधी जात्याची घरघर, मग कुणीतरी खोकलं, आणि मग नानी गायला लागली. शब्द दखनीतले, अल्लाच्या नावाने सुरू होणारे, मधेच लेकीबाळींची नावं घेणारे. चाल मात्र सोलापूरकडच्या कुठल्याही जात्यावर ऐकू येईल अशी.

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या कार्यक्रमात मुलींनी ओव्या म्हणायच्या होत्या. तिने हात वर केला, तेव्हा तिला प्रेमानेच विचारलं गेलं, "ओवी तुमच्यात कुठे असते? तू एखादी कव्वाली म्हण ना." विचारणाऱ्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. पण घरी आल्यावर पोर गप्प होती. मी तिला कॅसेट ऐकवली. तिने चार वेळा ऐकली आणि म्हणाली, "अब्बा, मी हीच म्हणते. पण पेटीवाले काका विचारतील, पट्टी कुठली?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला मला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी बगदादला जाऊन आलो, देवगिरीला जाऊन आलो, आणि शेवटी मिरजेत एका तंबोऱ्यापाशी येऊन थांबलो. हा लेख त्या प्रवासाचा आहे.

पाच काळ्या आणि पाच राग

पट्टी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवं. आपण पेटीवर 'काळी एक', 'पांढरी दोन' म्हणतो, तेव्हा गाणाऱ्याचा षड्ज, म्हणजे 'सा', कुठल्या सुरावर धरला आहे हे सांगत असतो. बाकीचे सगळे सूर त्या 'सा'पासून मोजायचे. 'सा' कळला की घराचा पत्ता कळला. तो कळला नाही, तर नुसते सूर हातात असतात, घर नसतं.

कॅसेटवरून नेमकी पट्टी कळणं अवघडच. टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की फीत हळू फिरते आणि सूर खाली जातो. नानीचा आवाज आमच्या पेटीच्या दोन सुरांच्या मधेच कुठेतरी पडत होता. तो थोडा सरकवून पेटीशी जुळवला, तेव्हा गंमत दिसली. सगळी चाल पाच काळ्यांवर बसली. एकही पांढरी लागली नाही. काळ्या पट्ट्यांच्या क्रमांकात लिहिली तर चाल अशी:

एक दोन तीन तीन चार तीन दोन
तीन चार पाच चार तीन दोन एक
एक दोन तीन तीन चार तीन दोन
चार तीन दोन एक एक

एकूण २६ सूर. इतक्या लहान चालीत 'सा' कुठला?

ज्याच्याकडे पेटी असेल त्याने हे करून बघावं. पाचही काळ्या त्याच ठेवा, फक्त 'सा' बदला. काळी तीनला 'सा' म्हणा, सारेगपध मिळतात, भूप झाला. काळी चारला 'सा' म्हणा, मध्यमाद सारंग. काळी पाचला 'सा' म्हणा, मालकंस. काळी एकला म्हणा, दुर्गा. काळी दोनला म्हणा, धानी. सूर तेच पाच, आणि राग पाच. एक दुपारी गातात, एक मध्यरात्री. फरक फक्त कुठल्या सुराला घर मानलं याचा.

आमच्या घरातही मतं पडली. पेटी शिकलेला माझा चुलतभाऊ म्हणाला, "हा सरळ भूप आहे. काळी तीन धर." मला ते पटलं, कारण कानाला तीन नंबरची काळीच सारखी ऐकू येत होती. पण नानी थांबत होती काळी एकवर. घरी न पोचताच तिने गाणं सोडलं होतं का?

देवगिरीचा हिशेबनीस

हा प्रश्न किती जुना आहे, हे शोधताना मी दौलताबादला येऊन पोचलो. तेव्हा त्याचं नाव देवगिरी होतं. यादव राजा सिंघणाच्या दरबारात तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरमधून दख्खनेत आले होते. शार्ङ्गदेव राज्याचे हिशेब सांभाळायचा, वैद्यकही जाणायचा. त्याने 'संगीत रत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. सात अध्यायांचा हा ग्रंथ आजही भारतीय संगीताचा पाया मानला जातो.

शार्ङ्गदेवाच्या काळात आजच्यासारखा एकच ठरलेला 'सा' नव्हता. सात सुरांची एक रांग घ्यायची आणि वेगवेगळ्या सुरापासून ती वाचायची, याला मूर्च्छना म्हणत. पाच काळ्यांवर मी जो खेळ केला, तो मूर्च्छनेचाच धाकटा भाऊ. म्हणजे सूर तेच असताना घर बदलतं, ही गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती. मग एखादी चाल ओळखायची कशी? त्यासाठी त्याच्याही आधी, भरताच्या नाट्यशास्त्रापासून, काही खुणा चालत आल्या होत्या. त्यातल्या तीन आपल्या कामाच्या. ग्रह, म्हणजे चाल ज्या सुरावरून निघते तो. अंश, म्हणजे जो सूर पुन्हा पुन्हा येतो आणि ज्याच्याभोवती चाल फिरते तो. आणि न्यास, म्हणजे चाल जिथे विसावते तो. याशिवाय चाल किती खाली उतरते, किती वर जाते, कुठला सूर भरपूर येतो, कुठला नुसता शिवून जातो, हेही पाहायचं.

मी हिशेबनिसाच्या पद्धतीने वही काढली आणि सूर मोजले. काळी एक ५ वेळा, काळी दोन ६, काळी तीन ९, काळी चार ५, काळी पाच फक्त १. एकदाच येणारा सूर घर असू शकत नाही, म्हणून मालकंस बाद. दोन आणि चारवर चाल सुरूही होत नाही आणि संपतही नाही, म्हणून धानी आणि सारंगही मागे पडले. उरले दोघे. अंश सांगत होता काळी तीन. ग्रह आणि न्यास सांगत होते काळी एक. शिवाय चाल काळी एकच्या खाली एकदाही उतरत नाही. पारडं दुर्गाकडे झुकत होतं, पण भूपाचं वजन अजून होतं.

याच ग्रंथातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. शार्ङ्गदेवाने नोंदवलेल्या रागांत 'तुरुष्कतोडी' आणि 'तुरुष्कगौड' अशी नावं आहेत. तुरुष्क म्हणजे तुर्क. अलाउद्दीन खिलजीची फौज देवगिरीला १२९६ मध्ये आली. म्हणजे त्या स्वारीच्या सुमारे अर्धशतक आधी तुर्कांच्या नावाचे राग देवगिरीच्या पंडिताच्या यादीत बसलेले होते. आपल्याकडे इतिहास शिकवताना तलवार आधी येते आणि बाकी सगळं तिच्या मागून येतं. इथे सूर आधी आलेला दिसतो.

बगदादचा ग्रंथपाल

ज्या काळात देवगिरीत 'संगीत रत्नाकर' लिहिला जात होता, साधारण त्याच काळात बगदादमध्ये एक तरुण याच कोड्याला भिडला होता. त्याचं नाव सफीउद्दीन अल उर्मवी. जन्म उर्मिया गावचा, १२१६ च्या सुमाराचा. लहानपणीच तो बगदादला आला, मुस्तनसिरिया मदरशात शिकला आणि सुंदर हस्ताक्षरामुळे शेवटचा अब्बासी खलीफा मुस्तअसिम याच्या ग्रंथालयात लागला. हा खत्तात उत्तम ऊदही वाजवतो, हे खलीफाला पुढे कळलं, असं सांगतात.

त्याचं 'किताबुल अदवार' हे पुस्तक १२३६ च्या सुमाराचं, म्हणजे तेव्हा तो जेमतेम विशीतला. अदवार म्हणजे दौर, चक्रं. त्याने सप्तकाचे १७ भाग पाडले आणि प्रत्येक सुराला अबजदचं अक्षर दिलं. अलिफ, बे, जीम, दाल अशा क्रमाने. ऊदच्या तारेवर कुठे बोट ठेवायचं हे त्या अक्षरावरून कळायचं. अक्षरांनी सूर दाखवायची रीत त्याच्याही आधी, नवव्या शतकात अल किंदीकडे आढळते. सफीउद्दीनने ती पुढे नेली. पुस्तकाच्या अखेरीस त्याने काही छोट्या चाली लिहून ठेवल्या आहेत. सुरासाठी अक्षर, आणि तो सूर किती वेळ धरायचा यासाठी आकडा. जवळपास आठशे वर्षांनी त्या आजही वाचता येतात.

सुरांच्या मांडणीतून त्याने ८४ चक्रं तयार केली आणि त्यातली १२ गाण्या-बजावण्यात रूढ असल्याचं सांगितलं. उश्शाक, नवा, बूसलीक, रास्त, इराक, इस्फहान, हुसैनी वगैरे. यापुढचं त्याचं निरीक्षण वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. तो दाखवतो की वेगवेगळ्या नावांच्या चक्रांत सूर सामाईक असू शकतात. उश्शाकचे सूर घ्या आणि दुसऱ्या सुरापासून सुरुवात करा, नवा मिळतो. तिसऱ्यापासून करा, बूसलीक मिळतो. आपल्या भाषेत सांगायचं तर उश्शाकची पायरी खमाज थाटासारखी आहे. तिचा 'रे' हा 'सा' मानला की आसावरीची पायरी तयार होते. देवगिरीत ज्याला मूर्च्छना म्हणत, तेच बगदादमध्ये अबजदच्या अक्षरांनी सिद्ध झालं होतं.

त्याचा आणखी एक धडा मला पुढे उपयोगी पडला. त्याने एकाच चक्राला सतराही सुरांवरून कसं वाजवायचं, याच्या जागा दिल्या आहेत. या जागांना तो तबकात म्हणतो. घर वरच्या मजल्यावर न्या, खालच्या मजल्यावर न्या, खोल्यांची रचना तीच राहते. गायकाच्या गळ्याप्रमाणे आपण पट्टी बदलतो, ते हेच.

त्याच्या आयुष्याचा शेवट मात्र मन कातर करणारा आहे. १२५८ मध्ये हुलागूने बगदाद उद्ध्वस्त केलं, खलीफा मारला गेला. सफीउद्दीन वाचला. त्याने मंगोल सरदाराचा पाहुणचार करून आणि ऊद ऐकवून आपला मोहल्ला वाचवला, असा किस्सा जुन्या ग्रंथांत येतो. पुढे जुवैनी घराण्याचा आश्रय मिळाला. ते घराणं कोसळल्यावर तो कर्जात बुडाला आणि ३०० दिनारांच्या देण्यापायी तुरुंगात पडला. १२९४ मध्ये तिथेच त्याचा इंतकाल झाला. पुस्तक मात्र इराण, तुर्कस्तान आणि अरब मुलुखात शतकानुशतकं शिकवलं गेलं.

तंबोऱ्याने सोपं केलेलं काम

मग हे कोडं आपल्या आजच्या गाण्यात का दिसत नाही? कारण मागे तंबोरा असतो. तंबोरा अखंड 'सा' सांगत राहतो, त्यामुळे घर कुठलं हे शोधावं लागत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात दरबारी गाण्यात आधारसुराचं हे वाद्य स्थिरावत गेलं, तशी मूर्च्छनेची गरज मागे पडली. तंबोरा हे नाव तुंबरू गंधर्वाशी जोडतात, आणि अरबी-फारसी तंबूरशीही. अल फाराबीने दहाव्या शतकात बगदादी आणि खुरासानी तंबूरचं वर्णन केलेलं आहे.

या संगमाचा आपल्या भागातला मोठा साक्षीदार म्हणजे विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह. त्याने १५८० ते १६२७ राज्य केलं. दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग त्याच्या अमलात होता. त्याने दखनीत 'किताबे नौरस' रचली. त्यातली गाणी रागांच्या नावाखाली लावलेली आहेत आणि सरस्वतीची स्तुतीही त्यात आहे. आपल्या लाडक्या तंबोऱ्याला त्याने नाव दिलं होतं, मोतीखान. त्याच विजापूरच्या सूफींच्या परंपरेत चक्कीनामे रचले गेले, म्हणजे बायकांनी जात्यावर दळताना म्हणायची दखनी गाणी. अल्लाचं नाव, मुर्शिदचं नाव आणि दळणाची लय. माझ्या नानीने चक्कीनामा हा शब्द कधी ऐकला नसेल, पण ती म्हणत होती ते त्याच घराण्यातलं होतं.

ग्रंथांचीही अशीच देवाणघेवाण झाली. १३७४-७५ मध्ये गुजरातच्या सुभेदारासाठी 'गुनयतुल मुन्या' हा फारसी ग्रंथ लिहिला गेला. त्याच्या आधारग्रंथांत 'संगीत रत्नाकर' आहे. देवगिरीच्या हिशेबनिसाचं ज्ञान दीड शतकात फारसीत उतरलं होतं. पुढे विसाव्या शतकात विष्णु नारायण भातखंडे यांनी उलट दिशेने काम केलं. मुस्लिम उस्तादांच्या गळ्यातल्या शेकडो बंदिशी त्यांनी मिळवल्या, काही फोनोग्राफवर भरून घेतल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. त्यांच्या लिपीत सगळं 'सा'पासून मोजलेलं आहे, पट्टी गाणाऱ्याने ठरवायची. युरोपने १९३९ मध्ये लंडनला परिषद भरवून सुराची कंपनसंख्या ४४० ठरवली. आपल्याकडे अशा ठरावाची गरज भासली नाही, कारण ज्याचा गळा त्याचा षड्ज.

मिरजेतला निकाल

खाला मिरजेत राहते. अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले आणि १९३७ साली ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात ज्यांना दफन केलं गेलं, ते हे गाव. इथल्या शिकलगारांनी हत्यारं बनवणं मागे ठेवून सतार-तंबोरे बनवायला घेतले, त्याला आता दीड शतकाहून जास्त काळ झाला. पंढरपूरकडचे भोपळे इथे येतात आणि तंबोरे होऊन देशभर जातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

खालाच्या शेजारी एक कारागीर आहेत. त्यांच्याकडून मी दोन तंबोरे तासभर मागून घेतले. एक काळी तीनला लावला, एक काळी एकला. खालाला म्हटलं, "नानीचं जात्यावरचं म्हणून दाखव."

आधी काळी तीनचा तंबोरा छेडला. खाला गायली, सगळे सूर बरोबर लागले. पण शेवटी काळी एकवर आल्यावर ती थांबेना. दर वेळी आपसूक वर सरकून काळी तीनवर जाऊन टेकायची. नानीच्या कॅसेटमध्ये हा जादा सूर नाहीच. मी विचारलं, "खाला, हे वर कशाला जातेस?" ती म्हणाली, "काय माहीत बाबा, तिथं थांबलं की अधांतरी वाटतंय."

मग काळी एकचा तंबोरा छेडला. खालाने सुरुवात केली आणि शेवटच्या काळी एकवर येऊन शांतपणे थांबली. जादा काही नाही. पुन्हा म्हटलं, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा म्हणताना तिचे डोळे भरून आले. "हां, अम्मी असंच म्हणायची."

निकाल लागला. 'सा' काळी एक. मग काळी तीन हा मध्यम झाला, आणि तो नऊ वेळा का येतो हेही उलगडलं, कारण दुर्गात मध्यमाला मान असतो. माझ्या चुलतभावाची आणि माझी चूक एकच होती. जो सूर सगळ्यात जास्त ऐकू येतो, त्यालाच आम्ही घर समजलो. नानीला दुर्गा हे नाव ठाऊक नव्हतं. नाव आपण नंतर चिकटवतो. पण दळण संपल्यावर कुठे थांबायचं, हे तिला ठाऊक होतं.

माझ्या मुलीला काळी एक खाली पडते. म्हणून सफीउद्दीनच्या धड्याप्रमाणे आम्ही पट्टी बदलून पांढरी तीन धरली. आता 'रे' काळी तीनवर गेला, 'म' आणि 'प' पांढरी सहा-सातवर, 'ध' वरच्या काळी एकवर. पाच काळ्यांची ती नक्षी मोडली, पण ओवी तीच राहिली.

कार्यक्रमात तिने अल्लाच्या नावाने सुरुवात केली आणि नानीची ओवी म्हटली. खाली बसलेल्या बायकांमधून दुसऱ्या ओळीला कुणीतरी गुणगुणायला लागलं, मग आणखी कुणी. शब्द त्यांना येत नव्हते, चाल येत होती. कार्यक्रम संपल्यावर त्याच बाई मुलीजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अगं, आमची आजी अगदी हेच म्हणायची. तुमच्यात कुठून आलं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तुरुष्कगौड, किताबुल अदवार, मोतीखान, सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण उत्तर तिनेच दिलं. "नानीकडून आलं, मॅडम. तुमच्याकडे कसं तुमच्या आजीकडून आलं."